कमी गुणांची गुणपत्रिका आणि पोडियाट्रीचा प्रवेश: नागपूरच्या विद्यार्थ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

नीटमध्ये गुण कमी पडले म्हणून बी.एस्सी.ला प्रवेश घेतला, पहिल्या वर्षी मन लागले नाही, दोन विषय राहिले, एटीकेटीवर पुढचे वर्ग पार पडले आणि अखेर बावन्न-चोपन्न टक्क्यांवर पदवी हाती आली, अशी वाटचाल नागपुरातील आणि एकूणच विदर्भातील पुष्कळ विद्यार्थ्यांची असते. रुग्णसेवेची ओढ मात्र सुटलेली नसते. अशांपैकी जे परदेशी शिक्षणाची चौकशी करतात, त्यांना कधी ना कधी पोडियाट्री हा शब्द भेटतो आणि तेथे तुलनेने कमी गुणांवर प्रवेश मिळतो असेही सांगितले जाते. हे म्हणणे अर्धे खरे आहे. प्रवेशाचे दार अमेरिकेतील एमडीच्या (तेथील डॉक्टरकीच्या मूळ पदवीच्या) मानाने रुंद आहे, पण आतला अभ्यास तितकाच खडतर आहे. म्हणूनच केवळ अर्ज कसा भरावा एवढेच न सांगता, कमकुवत शैक्षणिक पार्श्वभूमी असलेल्या विद्यार्थ्याने स्वतःला त्या अभ्यासासाठी कसे तयार करावे आणि ती तयारी अर्जात कशी दाखवावी, याचा क्रम येथे मांडला आहे.

पोडियाट्रीचे स्वरूप आणि एक महत्त्वाची सूचना

पाऊल आणि घोटा यांच्या आजारांवर उपचार करणारी ही स्वतंत्र शाखा आहे. नखांचे व त्वचेचे विकार, टाचदुखी, हाडांच्या ठेवणीतील दोष, खेळातील दुखापती आणि मधुमेहामुळे चिघळणाऱ्या पायाच्या जखमा हे सारे तिच्या कक्षेत येते. अमेरिकेत ‘डॉक्टर ऑफ पोडियाट्रिक मेडिसिन’ म्हणजे डीपीएम ही चार वर्षांची पदवी असून तिच्यानंतर रुग्णालयात तीन वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे प्रत्यक्ष कामातून प्रशिक्षण, करावी लागते, आणि तेथील पोडियाट्रिस्ट पायाच्या शस्त्रक्रियाही करतात. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात हा बारावीनंतरचा पदवी अभ्यासक्रम आहे. तेथे शस्त्रक्रियेसाठी पुढे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते.

भारतात डीपीएमच्या तोडीचा अभ्यासक्रम नाही. संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याच्या अनुसूचीत पोडियाट्रिस्ट या व्यवसायाचा समावेश आहे, परंतु अमेरिकेतून डीपीएम होऊन परतलेल्या व्यक्तीला त्या पदवीच्या बळावर एमबीबीएस डॉक्टरप्रमाणे नोंदणी करून येथे शस्त्रक्रिया करता येणार नाहीत. ही गोष्ट घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगावी. शेत विकून किंवा घर गहाण ठेवून मुलाला पाठवणाऱ्या आईवडिलांच्या मनात “शिकून येईल आणि धंतोलीत दवाखाना टाकेल” असे चित्र असेल, तर ते वेळीच दुरुस्त करणे ही विद्यार्थ्याची जबाबदारी आहे.

निवड समिती नेमके काय पाहते

कमी गुणांचा अर्ज समोर आला की समितीच्या मनात एकच प्रश्न असतो: हा विद्यार्थी पहिल्या दोन वर्षांचा अभ्यास पेलेल का? शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र, औषधशास्त्र, विकृतिशास्त्र हे विषय तेथे एकामागून एक अतिशय वेगाने शिकवले जातात आणि दुसऱ्या वर्षानंतर राष्ट्रीय परवाना परीक्षेचा पहिला भाग द्यावा लागतो. त्यात विद्यार्थी वारंवार नापास झाला तर त्याचे नुकसान होतेच, शिवाय मान्यता देणारी संस्था महाविद्यालयाच्या निकालावरही लक्ष ठेवून असते. समितीला विद्यार्थ्याविषयी सहानुभूती असू शकते, पण तिला पुरावा हवा असतो. पुढील प्रत्येक पायरी या एका प्रश्नाचे उत्तर तयार करण्यासाठी आहे आणि जी गोष्ट त्या उत्तरात भर घालत नाही तिच्यावर वेळ किंवा पैसा घालवू नये.

पहिली पायरी: गुणपत्रिकेचे प्रामाणिक वाचन

सर्व सत्रांच्या गुणपत्रिका समोर घ्याव्यात आणि एका वहीत विषय, परीक्षेचे सत्र, कितव्या प्रयत्नात उत्तीर्ण आणि मिळालेले गुण अशी नोंद करावी. “हिवाळी परीक्षा, रसायनशास्त्र, अनुत्तीर्ण, उन्हाळी परीक्षा, रसायनशास्त्र, उत्तीर्ण, ४१” अशी ओळ स्वतःच्या हाताने लिहिताना त्रास होतो, पण एकूण टक्केवारीतून जे कळत नाही ते या यादीतून कळते. गुण सगळीकडेच कमी आहेत की फक्त पहिल्या वर्षी? रसायनशास्त्रातच घसरण आहे की प्राणिशास्त्रातही? शेवटच्या दोन सत्रांत आलेख वर गेला आहे का? पहिल्या वर्षी ४५ आणि तिसऱ्या वर्षी ६३ टक्के मिळवणारा विद्यार्थी आणि तिन्ही वर्षे ५४ टक्क्यांवर राहिलेला विद्यार्थी यांची सरासरी सारखी असली, तरी समितीच्या दृष्टीने त्या दोन अगदी वेगळ्या कहाण्या आहेत.

यानंतर विषयांचा हिशेब करावा. अमेरिकेतील महाविद्यालयांना साधारणपणे पदवी स्तरावरील किमान ९० क्रेडिट (अभ्यासाचा भार मोजण्याचे एकक) लागतात आणि त्यांत जीवशास्त्र, सामान्य रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र व भौतिकशास्त्र या प्रत्येकाचे प्रयोगशाळेसह सुमारे ८, तर इंग्रजीचे ६ क्रेडिट अपेक्षित असतात. आपल्याकडचे विद्यार्थी नेमके येथे अडतात. रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र हा गट घेऊन बी.एस्सी. करणाऱ्याच्या पदवीत भौतिकशास्त्र नसते आणि बारावीचे भौतिकशास्त्र बहुधा धरले जात नाही. बी.फार्म. केलेल्याकडे सेंद्रिय रसायनशास्त्र भरपूर असते, पण भौतिकशास्त्र नसते. फिजिओथेरपी, दंतवैद्यक, होमिओपॅथी किंवा आयुर्वेदाची पदवी असणाऱ्यांकडे शरीररचनाशास्त्र चांगले असते आणि सेंद्रिय रसायनशास्त्र व भौतिकशास्त्र ही दोन्ही बहुधा कमी पडतात. काही महाविद्यालये एका विषयाऐवजी दुसरा स्वीकारतात, काही नाही. यासाठी प्रत्येक महाविद्यालयाच्या प्रवेश कार्यालयाला ईमेल लिहून, अभ्यासक्रमाची प्रत जोडून, लेखी उत्तर मिळवावे. तोंडी किंवा ऐकीव माहितीवर पुढचे वर्ष ठरवू नये.

परदेशी पदवीचे विषयवार मूल्यमापनही करून घ्यावे लागते. वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस किंवा एज्युकेशनल क्रेडेन्शियल इव्हॅल्युएटर्स अशा संस्था ते काम करतात आणि महाविद्यालयाला कोणत्या संस्थेचा अहवाल चालतो हे आधी विचारावे. येथे एक दिलासा आहे: आपल्याकडील टक्के जसेच्या तसे अमेरिकी टक्के मानले जात नाहीत, भारतीय विद्यापीठांची कडक गुणदान पद्धत लक्षात घेऊन रूपांतर होते, आणि साठच्या वरचे गुण सहसा वरच्या श्रेणीत जातात. त्यामुळे मूल्यमापन हाती येण्यापूर्वीच निराश होण्याचे कारण नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सर्व सत्रांचा अधिकृत गुणतक्ता, मिळवायला वेळ लागतो, म्हणून हे काम अर्जाच्या बरेच महिने आधी सुरू करावे आणि अनुत्तीर्ण प्रयत्नांसह सर्व गुणपत्रिका द्याव्यात. एखादे सत्र लपवले आणि ते नंतर उघडकीस आले, तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो.

दुसरी पायरी: नवे गुण मिळवणे

जुने गुण पुसता येत नाहीत आणि सरासरी फार सावकाश हलते. समजा ९० क्रेडिटचा जीपीए (अमेरिकी पद्धतीने चारपैकी काढलेली गुणांची सरासरी) २.६ आहे आणि विद्यार्थ्याने आणखी ३० क्रेडिट ३.८ च्या जीपीएने पूर्ण केले, तर एकत्रित सरासरी फक्त २.९ होते. पोडियाट्रीला प्रवेश मिळालेल्यांची सरासरी साधारण ३.२ ते ३.५ च्या पट्ट्यात असते, म्हणजे एवढे कष्ट करूनही आकडा खालीच राहतो. तरीही हे कष्ट वाया जात नाहीत, कारण समिती शेवटचे ३० क्रेडिट स्वतंत्रपणे पाहते. अवघड विज्ञानविषय, पूर्ण वेळ, एकाच वर्षात, आणि तेही ३.८ ने, हा आजच्या विद्यार्थ्याविषयीचा पुरावा असतो, २.६ हा चार वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्याविषयीचा.

हे नवे गुण कुठून आणावेत यासाठी तीन मार्ग आहेत. नागपुरातच राहून जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा प्राणिशास्त्र यांत एम.एस्सी. करता येते. हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे आणि घरची परिस्थिती बेताची असेल तर मी आधी हाच सुचवेन, मात्र यातून भौतिकशास्त्राची उणीव भरून निघत नाही. दुसरा मार्ग अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेज किंवा विद्यापीठात वर्षभर केवळ राहिलेले विज्ञानविषय करण्याचा आहे. काही महाविद्यालये परदेशी पदवीधारकांकडून अमेरिका किंवा कॅनडातील काही क्रेडिट मागतातच, त्यामुळे येथे एका खर्चात दोन कामे होतात. तिसरा मार्ग बायोमेडिकल सायन्सेसच्या एक-दोन वर्षांच्या मास्टर्स अभ्यासक्रमाचा. यांतील काही अभ्यासक्रम पोडियाट्री महाविद्यालय असलेल्या विद्यापीठांतच चालतात आणि तेथील अभ्यासाची पातळी व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाजवळ जाणारी असते. तेथे उत्तम गुण मिळाले तर समितीच्या प्रश्नाला याहून थेट उत्तर नाही. तेथेही गुण घसरले, तर मात्र दार जवळजवळ बंद होते.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी स्वस्त कसोट्या द्याव्यात आणि मगच महाग निर्णय घ्यावा. मूल्यमापन अहवाल, महाविद्यालयांची लेखी उत्तरे आणि एमकॅटच्या, म्हणजे अमेरिकेतील वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या, सराव परीक्षा यांचा खर्च परदेशातील एका वर्षाच्या तुलनेत नगण्य आहे. या तिन्हींतून चित्र आशादायक दिसले तरच परदेशातील वर्षाचा विचार करावा.

आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. पहिल्या वेळी गुण का कमी पडले याचे खरे कारण शोधल्याशिवाय नवे वर्ष सुरू करू नये. मराठी माध्यमातून येऊन एकदम इंग्रजीत विज्ञान शिकताना आशय डोक्यावरून गेला असेल, तर उपाय इंग्रजी वाचनाचा आहे. रोज गावाहून बसने ये-जा करण्यात चार तास जात असतील, तर उपाय राहण्याच्या सोयीचा आहे. आजारपण, घरातील मृत्यू, नैराश्य यांपैकी काही असेल, तर आधी त्याची व्यवस्था लागायला हवी. आणि केवळ परीक्षेच्या आदल्या महिन्यात गाइड वाचून उत्तीर्ण होण्याची सवय असेल, तर ती सवय मोडायला एक पूर्ण वर्ष लागते, हे गृहीत धरून चालावे.

तिसरी पायरी: एमकॅट

बहुतेक डीपीएम महाविद्यालये एमकॅट मागतात आणि काही ठिकाणी जीआरई (पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा) किंवा डीएटी (दंतवैद्यकाची प्रवेश परीक्षा) हीही चालते. एमकॅटचे एकूण गुण ४७२ ते ५२८ या मापात मोजले जातात. एमडीला प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ५११ च्या आसपास असते, तर पोडियाट्रीची साधारण ४९० ते ५०० या दरम्यान. ज्याचा जीपीए कमी आहे त्याने या पट्ट्याच्या तळाशी समाधान मानू नये. ५०० च्या पुढचे गुण जुन्या गुणपत्रिकेविषयीची शंका बऱ्याच अंशी दूर करतात, कारण ही परीक्षा सर्वांसाठी सारखी असते आणि तिच्यात विद्यापीठांच्या गुणदानातील फरकांचा प्रश्नच येत नाही.

परीक्षा चार भागांची आहे. रसायन-भौतिक आणि जीवशास्त्र-जीवरसायन या भागांत नीटचा अभ्यास केलेल्याला पाया मिळतो, पण प्रश्नांची धाटणी वेगळी असते. प्रयोगाचे वर्णन, आलेख आणि तक्ते देऊन त्यांवर विचार करायला लावला जातो. अमिनो आम्ले, विकरांची गती आणि चयापचय यांवर भर असतो. मानसशास्त्र आणि समाजशास्त्राचा भाग आपल्याकडच्या विज्ञानाच्या विद्यार्थ्याला सर्वस्वी नवा असतो, मात्र तो नियमित अभ्यासाने तीन महिन्यांत आवाक्यात येतो. खरा कस लागतो तो चिकित्सक वाचनाच्या भागात, जेथे ९० मिनिटांत ५३ प्रश्न सोडवायचे असतात आणि उतारे कला, इतिहास, तत्त्वज्ञान अशा कोणत्याही विषयावरचे असतात. यासाठी घोकंपट्टीचा उपयोग नाही. रोज एक कसदार इंग्रजी लेख वाचून लेखकाचा मुख्य मुद्दा दोन वाक्यांत मराठीत लिहिण्याचा सराव सहा महिने केला, तर वाचनाचा वेग आणि पकड दोन्ही सुधारतात. मराठीत लिहायचे कारण एवढेच, की लेखातील शब्द जसेच्या तसे उतरवता येत नाहीत आणि समजले आहे की नाही हे तेथेच उघड होते.

ही परीक्षा एका वर्षात तीनदा, दोन सलग वर्षांत मिळून चारदा आणि आयुष्यात सातदाच देता येते. “एकदा देऊन पाहू” असे म्हणून तयारीविना बसणे कमी गुणांच्या विद्यार्थ्याला परवडत नाही, कारण तो आकडा अर्जात कायम दिसतो. पूर्ण लांबीच्या सराव परीक्षांत अपेक्षित गुण सलग तीन वेळा मिळाल्यावरच तारीख घ्यावी आणि परीक्षा केंद्र नागपूरबाहेर असणार हे धरून प्रवासाचे नियोजन करावे.

चौथी पायरी: पायाशी खरी ओळख

विदर्भातील विद्यार्थ्याकडे या बाबतीत जे आहे त्याची त्याला स्वतःलाच पुरेशी जाणीव नसते. मधुमेहात पायाच्या नसा निकामी झाल्या की पाय बधिर होतो. खडा टोचला, चप्पल घासली, चटका बसला तरी रुग्णाला कळत नाही, आणि त्याच जागेवर तो चालत राहिल्याने जखम खोल जाते. नागपूरच्या मे महिन्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घातलेल्या मधुमेही रुग्णाचे तळवे भाजतात आणि त्याला ते घरी आल्यावर, कधी मोज्याला लागलेले पाणी पाहून, समजते. हीच बधिरता कुष्ठरोगातही असते. वर्ध्याजवळचे दत्तपूर आणि वरोऱ्याचे आनंदवन येथे कुष्ठरुग्णांच्या सेवेची परंपरा अनेक दशकांची आहे. बधिर पायाची जखम ही संसर्गापेक्षाही वारंवार पडणाऱ्या दाबामुळे होते आणि तो दाब काढला तर ती भरते, हे डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरमध्ये कुष्ठरुग्णांवर काम करताना दाखवून दिले. पायाला घट्ट बसणाऱ्या प्लास्टरने दाब वाटून देण्याची जी पद्धत तेथे वापरली गेली, तीच पुढे अमेरिकेत मधुमेही पायाच्या उपचारात रुजली. आज पोडियाट्रीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ती शिकवली जाते. आपल्या भूमीतील रुग्णसेवेचा आणि या शास्त्राचा इतका जवळचा संबंध असताना अर्जात केवळ “मला लोकांची सेवा करायची आहे” एवढेच लिहिणे म्हणजे हातातील सर्वांत चांगला पुरावा बाजूला ठेवणे होय.

हा अनुभव मिळवावा कसा? मेडिकल, मेयो किंवा एम्ससारख्या मोठ्या रुग्णालयांत बाहेरच्या विद्यार्थ्याला निरीक्षणाची परवानगी सहजी मिळत नाही. लेखी अर्ज जरूर करावा, पण त्यावरच थांबू नये. मधुमेहतज्ज्ञ, रक्तवाहिन्यांचे शल्यविशारद, प्लास्टिक सर्जन, फिजिओथेरपिस्ट आणि कृत्रिम अवयव व विशेष पादत्राणे बनवणारे कारागीर यांच्याकडे आठवड्यातून ठरावीक वेळ बसण्याची विनंती केली, तर होकार मिळण्याची शक्यता अधिक असते. शेवटच्या गटाला मी विशेष महत्त्व देतो. सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराचा तळ कापताना, जखमेच्या जागेखाली तो किती खोलगट करायचा हे ठरवणारा कारागीर पाहिला की दाब वाटून देणे म्हणजे काय ते पुस्तकाहून लवकर समजते.

दवाखान्यात बसल्यावर काय पाहावे, तेही आधी ठरवावे. बधिरता तपासण्यासाठी दहा ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा वापरतात. रुग्णाला डोळे मिटायला सांगून धागा तळव्याला टेकवतात, तो किंचित वाकेपर्यंत दाबतात आणि “लागलं का? कुठं लागलं?” असे विचारतात. अंगठ्याखाली धागा वाकला आहे आणि रुग्ण शांतपणे पुढच्या प्रश्नाची वाट पाहत आहे, हे दृश्य एकदा नीट पाहिलेला विद्यार्थी मुलाखतीत पुस्तकी बोलत नाही. प्रत्येक दिवसाची तारीख, तास, मार्गदर्शकाचे नाव आणि त्या दिवशी समजलेली एक गोष्ट वहीत लिहावी. रुग्णाचे नाव किंवा छायाचित्र कोठेही ठेवू नये आणि परवानगी व प्रशिक्षण नसताना जखमेला हात लावू नये. अनुभवाची खोटी प्रमाणपत्रे मिळवून देणारे लोक भेटतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये. अशी फसवणूक उघड झाली तर त्या अर्जापुरते नव्हे, तर पुढच्या परवान्यापर्यंतचे सारे रस्ते बंद होतात.

अमेरिकी महाविद्यालयांना उमेदवाराने डीपीएम पदवीधारकाचे काम पाहिलेले हवे असते आणि शक्य तर त्याचे शिफारसपत्रही. नागपुरात ते जुळणे कठीण आहे. महाविद्यालयांच्या प्रवेश कार्यालयांना याची कल्पना देऊन, परदेशी अर्जदारासाठी कोणता पर्याय चालतो हे विचारावे आणि तेथील एखाद्या पोडियाट्रिस्टशी दूरदृश्य संवाद घडवून देण्याची विनंती करावी. दोन वेळा ईमेल करूनही उत्तर आले नाही तर संकोच न करता तिसऱ्यांदा लिहावे.

पाचवी पायरी: कमी गुणांचे स्पष्टीकरण आणि शिफारसपत्रे

स्वनिवेदनात, म्हणजे अर्जासोबत स्वतःविषयी लिहायच्या निबंधात, गुणांचा विषय टाळू नये आणि त्यावरच सारे निवेदन खर्चही करू नये. चार-पाच वाक्ये पुरतात: काय झाले, त्यात माझी जबाबदारी कोणती, मी काय बदलले, आणि त्या बदलाचा परिणाम कोणत्या आकड्यांत दिसतो. “प्राध्यापक शिकवत नव्हते, विद्यापीठाचे पेपर कडक तपासले जातात” असे लिहिणारा विद्यार्थी समितीला असे सांगत असतो की पुढेही अडचण आली तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवील. याउलट पुढील धाटणीचे लेखन विश्वास निर्माण करते: “पहिल्या वर्षी मी दोन विषयांत अनुत्तीर्ण झालो. इंग्रजीतून शिकण्याची सवय नव्हती आणि मदत मागायला मी लाजत होतो. दुसऱ्या वर्षापासून मी दर आठवड्याला प्राध्यापकांना भेटून शंका विचारू लागलो; शेवटच्या दोन सत्रांत मला ६४ टक्के मिळाले आणि एम.एस्सी.च्या जीवरसायनशास्त्रात वर्गात दुसरा क्रमांक आला.” यात सबब नाही आणि दयेची याचनाही नाही. आजाराचा उल्लेख करायचा असेल तर तो आता आटोक्यात आहे हे त्याच परिच्छेदात यावे. बाकीचे निवेदन पाय, रुग्ण आणि या व्यवसायाची निवड यांविषयी असावे, आणि “एमबीबीएस मिळाले नाही म्हणून” हा सूर त्यात कोठेही उमटू नये. तो सूर मनातही असेल, तर आणखी सहा महिने दवाखान्यात बसून पाहावे.

शिफारसपत्रासाठी प्राचार्यांच्या किंवा एखाद्या मोठ्या पुढाऱ्याच्या सहीचा उपयोग नाही. ज्या प्राध्यापकाने विद्यार्थ्याला घसरताना आणि सावरताना दोन्ही वेळा पाहिले, त्यांचे पत्र सर्वांत मोलाचे. त्यांना भेटून नव्या-जुन्या गुणपत्रिका द्याव्यात आणि “सर, माझ्या सुधारणेविषयी तुम्हाला जे दिसले ते लिहावे” अशी विनंती करावी. पत्र स्वतः लिहून त्यांची फक्त सही घेण्याची जी पद्धत आपल्याकडे रुळली आहे ती येथे चालत नाही, कारण पत्र त्यांनी स्वतः पाठवायचे असते आणि एकाच हातची भाषा असलेली तीन पत्रे चटकन ओळखू येतात.

सहावी पायरी: अर्ज आणि मुलाखत

अमेरिकेत पोडियाट्रीची अकरा महाविद्यालये आहेत आणि त्यांच्यासाठी एकच केंद्रीय अर्ज भरायचा असतो. अर्जसेवा ऑगस्टच्या सुमारास सुरू होते आणि प्रवेश जसजसे अर्ज येतील तसतसे दिले जातात. अंतिम मुदत पुढच्या वर्षी उन्हाळ्यापर्यंत असली तरी तिच्या भरवशावर राहणे कमी गुणांच्या विद्यार्थ्यासाठी घातक आहे. जागा भरपूर असताना समिती जोखीम पत्करते, शेवटच्या जागांसाठी ती फारशी पत्करत नाही. एमकॅट उन्हाळ्यापूर्वी द्यावी, मूल्यमापन अहवाल जुलैपर्यंत हाती असावा आणि अर्ज सप्टेंबर सरण्यापूर्वी पूर्ण व्हावा. नवे गुण डिसेंबरमध्ये येणार असतील तर ते नंतर कळवता येतात. अकराही ठिकाणी अर्ज करण्यापेक्षा ज्यांनी विषयांबाबत अनुकूल लेखी उत्तर दिले आहे अशा पाच-सहा ठिकाणी करणे शहाणपणाचे आहे.

मुलाखतीत गुणांविषयी प्रश्न येणारच. त्याचे उत्तर एका मिनिटात, स्वनिवेदनाशी सुसंगत आणि शांतपणे द्यावे. पाठ केलेले उत्तर लगेच कळते. इंग्रजी अडखळत असेल तर मित्राला समोर बसवून रोज सराव करावा.

ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाचा पर्याय

शस्त्रक्रियेची ओढ नसेल आणि जखमांची काळजी, चालण्याचे विश्लेषण, पादत्राणे व इनसोल यांत रस असेल, तर हा मार्ग अधिक सुकर आहे. ब्रिटनमध्ये तीन वर्षांचा, स्कॉटलंडमध्ये चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम असतो आणि काही विद्यापीठांत पदवीधरांसाठी दोन वर्षांचा नोंदणीपूर्व मास्टर्सही आहे. एमकॅटची गरज नसते. बारावीचे किंवा पदवीचे गुण, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत साधारण ६.५ ते ७, मुलाखत आणि चारित्र्य व आरोग्य तपासणी या अटी असतात. तेथील आरोग्य व्यवसाय परिषदेत नोंदणी झाल्याशिवाय पोडियाट्रिस्ट हे नाव लावता येत नाही, म्हणून अभ्यासक्रम तिच्या यादीत आहे याची खात्री करूनच शुल्क भरावे. ऑस्ट्रेलियातही तेथील पोडियाट्री मंडळाची मान्यता अशीच तपासावी.

पैसा, व्हिसा आणि स्वीकारपत्रापूर्वीची चौकशी

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी वार्षिक शिक्षणशुल्कच ४० हजार डॉलरच्या वर असते आणि राहण्या-खाण्याचा खर्च धरता चार वर्षांत अडीच लाख डॉलर सहज ओलांडले जातात. तेथील सरकारी कर्ज परदेशी विद्यार्थ्याला मिळत नाही, तर खासगी कर्जासाठी बहुधा तेथील जामीनदार लागतो. त्यामुळे स्वीकारपत्रावर सही करण्यापूर्वी महाविद्यालयाला काही प्रश्न लेखी विचारावेत. गेल्या काही वर्षांत किती परदेशी विद्यार्थी शिकले, त्यांपैकी किती जणांना रेसिडेन्सी मिळाली, त्यासाठी कोणत्या रुग्णालयांनी व्हिसाची जबाबदारी घेतली, पहिल्याच प्रयत्नात परवाना परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण काय आणि पहिल्या वर्षी अडखळणाऱ्या विद्यार्थ्याला कोणती मदत मिळते. रेसिडेन्सीशिवाय डीपीएमला तेथे व्यवसाय करणे जवळपास अशक्य असल्याने व्हिसाचा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. सल्लागार संस्थेमार्फत गेल्यास ज्या विद्यापीठांशी तिचे करार आहेत तिकडे ती वळवण्याचा संभव असतो, म्हणून हा पत्रव्यवहार विद्यार्थ्याने स्वतःच करावा.

नकार आल्यास

पहिल्या फेरीत सगळीकडून नकार आला, तर लगेच तोच अर्ज पुन्हा पाठवू नये. प्रत्येक महाविद्यालयाला नम्रपणे लिहून, अर्जातील कोणती बाजू कमी पडली हे विचारावे. बरीच कार्यालये मोकळेपणाने सांगतात. उणीव विज्ञानविषयांची असेल तर एक वर्ष अभ्यासाला द्यावे, एमकॅटची असेल तर सहा-आठ महिने वाचनाला, अनुभवाची असेल तर दवाखान्याला. नव्या अर्जात मागच्या अर्जानंतर काय बदलले हे पहिल्याच परिच्छेदात दिसले पाहिजे. दोन फेऱ्यांनंतर आणि नव्या अभ्यासक्रमातही जीपीए तीनच्या खाली राहिला, तर डीपीएमसाठी आणखी कर्ज काढू नये असे माझे स्पष्ट मत आहे. पायाच्या रुग्णांसाठी काम करायचे असेल तर ब्रिटनचा पदवी अभ्यासक्रम आहे, आणि भारतात पुनर्वास परिषदेच्या मान्यतेचा प्रोस्थेटिक्स-ऑर्थोटिक्सचा (कृत्रिम अवयव व आधारसाधने बनवण्याचा) पदवी अभ्यासक्रमही आहे. तो मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत शिकवला जातो, आणि त्याच्या प्रवेशाची चौकशी डीपीएमच्या दुसऱ्या फेरीचा निकाल येण्यापूर्वीच करून ठेवावी.